फेरा सापडला, काटा वगळला

“कोणाले पहिले उठवाचं, हे मशीनले सांगत बसू नको पोरी. कोणाचं कोणावाचून अडते, तेवढंच सांगजो. बाकीचं तिचं ती पाहून घेते.”

चंद्रभानजी निवृत्त होऊन कन्हानला राहायला गेले त्याला बराच काळ झाला. तरी सकाळी ऑफिसात येऊन मी मशीनचं बटण दाबलं की त्यांचा हा आवाज कानाशी येतो. वाडीला अमरावती रोडवर आमच्या ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आहे. तिथलं सगळं कॉम्प्युटरचं काम त्यांनीच बसवलं होतं. मी तेव्हा नुसती टायपिंग करत असे. जाताना त्यांनी सगळं माझ्या हाती दिलं. मी घाबरले होते. ते म्हणाले, तू रोज पोथी वाचते ना, मग तुले हे जमते. दोन्हीकडे तेच आहे. एक ओळ इकडची तिकडे झाली की फळ नाही.

आमची मशीन एका लोखंडी कपाटात असते. तिच्यावर लिनक्स आहे, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातली. खरं तर अशी मशीन रात्रंदिवस चालू ठेवतात. पण आमचे मालक रुपरावजी यांचं म्हणणं असं की दिवसभर राबल्यावर तिलाही झोप पाहिजे. म्हणून संध्याकाळी तिला झोपवायचं आणि सकाळी उठवायचं, हा आमचा रोजचा रिवाज.

उठते म्हणजे ती एकटी उठत नाही. तिच्या पोटात पुष्कळ कामं आहेत, ती सगळी उठावी लागतात. सगळा हिशेब सांभाळणारा डेटाबेस, मालाची पावती छापणारी बिल्टी, हमालांचे अंगठे घेणारी हजेरी, फाटकावरचा ट्रक मोजायचा काटा. शिवाय रुपरावजींच्या इच्छेनं बसवलेली आरती, जी ऑफिसच्या स्पीकरवर आपोआप वाजते. अशा प्रत्येक कामाला सर्व्हिस म्हणतात आणि प्रत्येकीची एक छोटी फाइल असते. तू कोण, तुझं कोणावाचून अडतं, तू कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, असं त्यात लिहिलेलं असतं. आणि एखादी सर्व्हिस आज चालू करणं निराळं, रोज सकाळी आपोआप उठ असं तिला सांगून ठेवणं निराळं. हे मला पहिल्या दिवशीच कळलं, कारण एक दिवसाचा उपास निराळा आणि नेम निराळा, हे आम्हा बायकांना कोणी शिकवावं लागत नाही.

नेमाचंच सांगते, कारण सगळं तिथूनच झालं.

मी प्रताप नगरला राहते. अध्याय वाचल्याशिवाय पाणी घेत नाही, सोमवार धरते, शनिवारी मारुतीला तेल नेते. चातुर्मासात आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्याजणी देवळात मंडळाच्या प्रमुख यमुताईंसमोर वेगळा नेम घेतात. कोणी ताट सोडतं, कोणी चप्पल सोडतं. गेल्या वर्षी मी साखर सोडली होती. सगळं नीट चाललं होतं. मग यमुताईंचा नातू पास झाला. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाशी पेढा आणला. मला नाही म्हणवलं नाही. मी तो खाल्ला, आणि पेढा पुरता गिळायच्या आत यमुताई म्हणाल्या, “मोडला बरं का तुमचा नेम.”

म्हणून यंदा मी मोडणारच नाही असा नेम शोधला. मला तसंही कोणाला नाही म्हणता येत नाही. मग तोच नेम घेऊ, असं वाटलं. चार महिने कोणाला ‘नाही’ म्हणून मन दुखवायचं नाही. यमुताईंनी दोनदा विचारून घेतलं आणि नियम पक्का केला: तोंडानं नाही, मानेनंही नाही. मान आडवी हलली तरी मोडला. मला हसूच आलं. जन्मभर जे फुकट केलं, त्याचं यंदा पुण्य मिळणार होतं. यंदा देवापुढे पुऱ्या नेमाचा नारळ ठेवायचा, एवढंच मनात होतं.

श्रावणातली गोष्ट. एका सकाळी आमच्या बिल्टी काउंटरवरची पिंकी लवकर आली आणि माझ्या खुर्चीमागे वेणी सारखी करत उभी राहिली. मशीन उठून राहिली होती. उठताना पडद्यावर एकेक ओळ येते, समोर हिरव्या अक्षरात ओके येतं आणि पुढे सर्व्हिसचं नाव. पिंकीनं हे कधी पाहिलं नव्हतं. आरती आली, डेटाबेस आला, काटा आला, हजेरी आली, बिल्टी आली.

पिंकीनं विचारलं, काटा बिल्टीच्या आधी काहून? मी म्हटलं, कोणीतरी आधी येणारच, त्यात काही नाही, सगळे एका श्वासात उठतात. पण तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, गिऱ्हाईक पहिले तिच्यापाशी येते. बिल्टी नाही तर ट्रान्सपोर्ट कायचं? धोंडबाजी तिकडे फाटकावर खुर्ची टाकून बसून राहतात अन् त्यांचं नाव तिच्या डोक्यावर. “ताई, माझं नाव काट्याच्या वर घेता काय?”

मी नेमातली बाई. हो म्हटलं. बिल्टीच्या फाइलीत एक ओळ वाढवली: काट्याच्या आधी.

पिंकीच्या पोटात काही राहत नाही. दुपारच्या डब्याला हमालांची हजेरी पाहणाऱ्या जितेंद्रभाऊंना कळलं. ते हातात अर्धी पोळी घेऊनच माझ्याकडे आले. म्हणाले, माणूस अंगठा लावून आत आल्याशिवाय पिंकीची बिल्टी काय भूत फाडते काय? त्यांच्या गावी पोळ्याला मानाची जोडी पहिले तोरणाखालून जाते, मग बाकीचे बैल. मान म्हणजे मान. एकदा दुसऱ्याच कोणाचा बैल पुढे घुसला तर दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. हे सांगून झाल्यावर त्यांनी पोळीचा घास घेतला आणि हजेरी बिल्टीच्या आधी पाहिजे, असं शांतपणे सांगितलं.

मी हो म्हटलं. हजेरीच्या फाइलीत ओळ वाढवली: बिल्टीच्या आधी.

काट्यावरचे धोंडबाजी मात्र लगेच आले नाहीत. ते कधीच लगेच येत नाहीत. फाटकापासून ऑफिसपर्यंत मधे सगळं ट्रकांचं पटांगण, पावसाळ्यात पिंडरीपर्यंत चिखल. अंगानं भारी, बोलणं हळू. रोज सकाळी ट्रकच्या काट्यावर स्वतः उभे राहून तो तपासतात. तो काटा दहा-दहा किलोनं पुढे सरकतो, त्यामुळे तो त्यांना रोज नव्वद दाखवतो. लग्न झाल्यापासून माझं वजन हललं नाही, असं ते अभिमानानं सांगतात. त्यांच्या घरच्या बायजाबाई एकदा हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, पँटी मात्र दरवर्षी हलतात.

तर धोंडबाजी संध्याकाळी आले, पायरीवर पाय घासून चिखल काढला. मग म्हणाले, ते काही भांडायला आले नाहीत. पण जितेंद्र जाऊन-येऊन फाटकावर मिशीत हसून राहिला. ट्रक पहिले काट्यावर येतो का हमाल पहिले येतो, हे तुम्हीच सांगा बाई. बिल्टीचं त्यांना काही नाही, पिंकी पोरीसारखी. पण हजेरीच्या आधी काटा पाहिजे.

मी हो म्हटलं. ओळ वाढवली: हजेरीच्या आधी.

त्या दिवशी घरी जाताना मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. तिघांनी मागितलं, तिघांना दिलं, कोणाचं मन दुखावलं नाही. देवळात मी यमुताईंकडे पाहून थोडं जास्तच हसले. बिल्टी काट्याच्या आधी, काटा हजेरीच्या आधी, हजेरी बिल्टीच्या आधी. मंगळागौरीच्या फेरात पहिली कोण असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मशीनच्या मात्र आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं आणि निरांजनातली वात सारखी करायला वळले. स्पीकरवर आरती लागली. रुपरावजी डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. पिंकी पडदा पाहत होती, ती म्हणाली, ताई, हे काय आलं? हिरव्या ओळींमधे एक निराळ्या रंगाची ओळ आली होती. इंग्रजीत होती, तिचा अर्थ एवढाच: फेरा सापडला, काटा वगळला.

अशा वेळी मशीन काय करते, ते सांगते. तिला कळतं की हे गोल फिरून परत तिथेच येतं, असं कधीच सुरू होणार नाही. ती भांडत नाही, विचारत नाही. फेरातल्या एकाचा हात सोडवते, त्याला बाजूला उभा करते आणि बाकीच्यांना घेऊन पुढे जाते. त्या दिवशी तिनं काट्याचा हात सोडवला. काट्याचाच का, ते मला अजून कळलेलं नाही.

ओळ वाचली, पण तिचा अर्थ मला उलगडेपर्यंत फाटकावर ट्रक लागले होते. काट्यावर आकडाच येत नव्हता. धोंडबाजींनी स्वतः उभं राहून पाहिलं, नव्वद नाही, काहीच नाही. एक ड्रायव्हर ट्रकखाली चटई टाकून झोपला. दोघं-तिघं हॉर्न वाजवत बसले. ट्रकांची रांग पार अमरावती रोडला टेकली. धोंडबाजींनी मग नुसतं पाहून वजन सांगायला घेतलं. बिस्किटांच्या ट्रकचं वजन त्यांनी सिमेंटच्या ट्रकएवढं सांगितलं, तेव्हा ड्रायव्हरनं हात जोडले आणि म्हणाला, काका, मी थांबतो.

मी काटा हातानं चालू केला. त्याला एकच आज्ञा लागते, लगेच उठला. ट्रक हलले. पण धोंडबाजींना कोणीतरी सांगितलंच की बाकी सगळे आपोआप उठले आणि काट्याला देवकीबाईंनी, म्हणजे मी, हलवून उठवलं. ते दुपारी डबा खायला आमच्यात आले नाहीत.

रुपरावजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस मायाळू आहे, पण ट्रक थांबलेला त्यांना पाहवत नाही. त्यांनी विचारलं, काय झालं? मी फेऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, मग सोपं आहे ताई, तिघांपैकी एकाले नाही म्हणा, फेरा तुटला. मी म्हटलं, हो. बाहेर आले. तिघांपैकी एकाला नाही म्हणायचं आणि नेम ठेवायचा, हे दोन्ही कसं करावं, याचा विचार करत मी तुळशीचं पान चावत बसले.

तोडगा पिंकीनं काढला. ती म्हणाली, आमच्या घरच्या लग्नात पाहुणे पहिल्या पंगतीला जेवतात अन् घरचे शेवटच्या. शेवटी जेवतो तो मालक. मला ते फार आवडलं. मी लगेच तिला म्हटलं, मग तू शेवटी येशील? ती आनंदानं हो म्हणाली. मी जितेंद्रभाऊंकडे जाऊन हेच समजावलं, म्हणजे ते आपणहून मोठ्या मनानं पिंकीला शेवटचा मान देतील. त्यांनी ऐकून घेतलं, पोळीचा घास गिळला आणि म्हणाले, “म्हणजे पिंकी मालक? मग हजेरी शेवटी टाका.”

मी हो म्हटलं.

आणि धोंडबाजींना काही विचारायला मी गेलेही नव्हते. फाटकावरून त्यांचा निरोप आला: ऐकलं की शेवटी मान आहे, तर काट्याचंही तसंच पाहावं. हो कळवलं.

आधीच्या ओळी काढल्या आणि नंतरच्या घातल्या. बिल्टी हजेरीच्या नंतर, हजेरी काट्याच्या नंतर, काटा बिल्टीच्या नंतर. लिहिताना माझा हात थांबला होता, हे खरं. पण मला वाटलं, काल सगळे पुढे धावत होते म्हणून अडलं. आज तर सगळे नम्रपणे मागे सरून राहिले आहेत. नम्रतेनं कधी कोणाचं अडतं काय?

मशीनला नम्रता कळत नाही. तिला फेरा कळतो. सकाळी आरती झाली, डेटाबेस झाला आणि परत तीच ओळ. परत काटाच.

या वेळी मी अर्थ लावत बसले नाही, लगेच काटा हातानं उठवला. एकही ट्रक अडला नाही. पण फाटकावर बातमी ट्रकच्याही आधी पोचते. थोड्या वेळानं काट्याचा आकडा पडद्यावर येतो का म्हणून पाहिलं, तर ट्रक आत येत होते आणि आकडे येत होते, पण सकाळचा नव्वद कुठे नव्हता. धोंडबाजी त्या दिवशी काट्यावर उभेच राहिले नव्हते.

मग मी कन्हानला फोन लावला. चंद्रभानजींनी सगळं ऐकलं, मधे एकदा फोन बाजूला ठेवून ते बरंच हसले, ते मला ऐकू आलं. मग म्हणाले, या तिघाईचं एकमेकावाचून काही अडते काय? मी म्हटलं, काहीच अडत नाही. बिल्टी-हजेरीला डेटाबेस पाहिजे, काट्याला त्याची तार पाहिजे, बस. ते म्हणाले, मग त्या ओळी कायले लिहिल्या? मी नेमाचं सांगितलं. मग ते म्हणाले, “पोरी, मशीन तुह्या नेमात नाही. तू हो म्हणते, ती करते. तुले जे नाही म्हणता येत नाही, ते मग तिले म्हणा लागते. अन् ती कोणाले म्हणते, ते तुह्या हाती नाही.”

फोन ठेवल्यावर मी जागेवर बसून राहिले. हे ‘नाही’ माझ्या तोंडून गेलं नव्हतं, पण गेलं तर होतंच. धोंडबाजींनी ते दोनदा ऐकलं होतं.

त्यांच्याशी बोलायला मी फाटकाकडे निघणारच होते, तर ते स्वतः दारात उभे. पाय न घासताच आत आले होते. लादीवर चिखलाचे ठसे. पिंकीनं छपाई थांबवली. जितेंद्रभाऊ अंगठ्याची मशीन उगाच पुसत होते, ते पुसायचे थांबले.

धोंडबाजी म्हणाले, “बाई, मी जास्ती बोलत नाही. एक विचारतो. माह्यं नाव तुम्ही जाणून काढलं काय?”

मी सांगू लागले की ते मशीन ठरवते, फेरा सापडला की ती कोणालाही वगळते, त्यात जाणून असं काही… त्यांनी हात वर केला.

“मले मशीनचं नाही समजत. जाणून काढलं काय? हाव का नाही, एवढंच सांगा.”

सगळं ऑफिस माझ्याकडे पाहत होतं. मी पदर सारखा केला. मनात साखरेचा पेढा आला, यमुताई आल्या, नारळ आला. हाव म्हटलं तर खोटं आणि माणूस तुटणार. गप्प राहिले तर तेही हावच. ‘ना’पासून सुरू होणारा दुसरा एखादा शब्द चालेल का, हेही मी शोधून पाहिलं, देवाशपथ. आणि समोर हा एवढा मोठा माणूस, ओल्या चपलेत, एका शब्दासाठी थांबलेला.

“नाही,” मी म्हटलं. “नाही, धोंडबाजी. जाणून नाही.”

त्यांचे खांदे खाली आले. म्हणाले, “मंग ठीक आहे,” आणि पिंकीच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून पिऊन टाकला.

मला वाटलं होतं, आता आकाश फाटेल. पण पंखा फिरत होता, बाहेर कोणी टायर ठोकत होतं. नेम मोडला होता आणि माझ्या तोंडात अजून तो शब्द होता, बऱ्याच दिवसांनी काढलेल्या कपड्यासारखा जरा घट्ट, पण आपल्याच मापाचा. मोडलाच आहे तर आता वापरून घ्यावा, असं माझ्या मनात आलं. ते काही फार सात्त्विक नव्हतं.

मी पिंकीकडे वळले आणि म्हटलं, बिल्टी ना पहिली ना शेवटची, मी कुठलीच ओळ ठेवणार नाही. पिंकी म्हणाली, बरं ताई, पहिलेच सांगायचं ना, आणि छपाई सुरू केली. जितेंद्रभाऊंना तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मग चहा सांगू काय? मी म्हटलं, नाही. त्याच दमात रुपरावजी डोकावले आणि विचारू लागले, मशीन कोणत्या वेळी कोणाले उठवते ते रोज फळ्यावर लिहून लावता येईन काय? मी म्हटलं, नाही. तेही बरं म्हणून गेले. दोन दिवस मी ज्या शब्दाच्या भीतीनं मशीनला गोल गोल फिरवलं, तो ऐकून कोणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. मला थोडा रागच आला.

मग मी तिन्ही फाइली उघडल्या आणि आधी-नंतरच्या सगळ्या ओळी काढल्या. ज्याला जे लागतं, तेवढंच राहू दिलं. मशीनला सांगितलं, फाइली नव्यानं वाच. ती कुरकुरली नाही.

धोंडबाजी अजून उभेच होते. मी त्यांना म्हटलं, उद्यापासून काटा आपला आपण उठेल, कोणी हलवायला लागणार नाही. पहिला येईल का तिसरा, ते मात्र सांगता येत नाही. एकमेकांची वाट पाहायची नसली की सगळे एकदमच उठतात, ज्याचा पाय आधी निघेल त्याचं नाव आधी.

“नंबराचं जाऊ द्या,” ते म्हणाले. “पण मले तिकून पडदा दिसत नाही. उद्या काट्याची ओळ हिरवी आली का नाही आली, ते मले येऊन सांगता काय? फोन नका लावू. फोनवर तर कोणीही सांगते.”

मी म्हटलं, येईन.

संध्याकाळी देवळात टाळ वाटून झाल्यावर यमुताईंनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, नेम ठीक चालू आहे ना? मी म्हटलं, मोडला. त्यांनी चष्मा काढला.

“कोणाला म्हटलंत?”

“काट्यावर धोंडबाजी आहेत, त्यांना.”

“काय मागितलं होतं त्यांनी?”

मी म्हटलं, त्यांनी मागितलं काही नव्हतं, विचारलं होतं. आणि मग सगळं सांगितलं, बिल्टी, हजेरी, फेरा, वगळणं. यमुताईंना कॉम्प्युटरचं काही कळलं नाही, पण पंगतीचं कळलं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मोडला तो मोडला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, नारळ यंदा नाही. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की गेल्या वर्षीचा तो पेढा त्यांनी जरा मुद्दामच दिला होता, माझा नेम किती पक्का आहे ते पाहायला, आणि ते त्यांना वर्षभर खुपलं. त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. त्यात साखर होती, मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस बारीक लागला होता. अध्याय झाला, पाणी घेतलं, गाडी काढून वाडीला आले. ऑफिसात माझ्याआधीच सगळे जमलेले. पिंकी माझ्या खुर्चीमागे, जितेंद्रभाऊ तिच्यामागे, रुपरावजी टाळ्या वाजवायच्या तयारीत. कोण पहिला येतो यावर चहाच्या पैजा लागल्या होत्या, हे मला चेहऱ्यांवरून दिसत होतं.

मी हात जोडले आणि बटण दाबलं.

आरती लागली. डेटाबेस आला. मग हजेरी आली, तसं जितेंद्रभाऊंनी पिंकीच्या खांद्यावरून हात पुढे करून टेबलावर थाप मारली. मग काही वेळ काहीच नाही. वात फडफडली. पिंकी पुटपुटली, “ये नं माय,” ते बिल्टीला होतं की काट्याला, देव जाणे. आणि दोन ओळी एकामागून एक आल्या, आधी बिल्टी, लगेच काटा. दोन्ही हिरव्या. मी शेवटपर्यंत पाहिलं. निराळ्या रंगाची ओळ कुठेच नव्हती.

रुपरावजी आरतीत रमले होते. जितेंद्रभाऊ आणि पिंकी चहा कोणी सांगायचा यावर भांडू लागले. फोन माझ्या हाताशीच होता. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला, कोपऱ्यातली छत्री घेतली, साडीच्या निऱ्या वर खोचल्या, आणि ट्रकांच्या मधून, चिखलात पाय जपून टाकत, फाटकाकडे निघाले.